विठ्ठल नागेश शिरोडकर

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (जन्म : इ.स. १८९९, शिरोडा, गोवा. मृत्यू : इ.स. १९७१) हे विसाव्या शतकातील जगप्रसिद्ध भारतीय प्रसूतितज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ व शल्यविशारद होते. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत ज्यांचा गर्भ वारंवार पडतो अशा स्त्रियांसाठी, गर्भ पोटात असतानाच गर्भाशयाच्या मुखाला टाका घालून ते बंद ठेवण्याची शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केली. ही शस्त्रक्रिया जगभरातील वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत 'शिरोडकर टाका' या नावाने ओळखली जाते. पिशवीच्या तोंडाला टाका घातला आहे, असे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतही सहज बोलले जाते. बोलणाऱ्यांना त्या टाक्यामागचे आडनाव मात्र बहुधा ठाऊक नसते. वंध्यत्वावरील बीजवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया आणि तरुण स्त्रियांच्या अंग बाहेर येण्याच्या विकारावरील शस्त्रक्रिया यांतही त्यांचे काम महत्त्वाचे आहे.

जन्म व शिक्षण

शिरोडकरांचा जन्म तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या गोव्यातील शिरोडा या गावी झाला. गावावरूनच त्यांचे आडनाव आले आहे. हे शिरोडा फोंडा तालुक्यातील, श्री कामाक्षीच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असलेले गाव होय. मिठाचा सत्याग्रह आणि वि. स. खांडेकरांची शाळा यांमुळे मराठी वाचकाला परिचित असलेले वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे ते हे नव्हे. नामसाम्यामुळे या दोन गावांची गल्लत होण्याचा संभव असल्याने हा खुलासा आवश्यक आहे.

त्यांचे शालेय शिक्षण मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यातील हुबळी येथे झाले. पुढे मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी १९२३ साली एम.बी.बी.एस. आणि १९२७ साली प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. या पदव्या मिळवल्या. त्यानंतर इंग्लंडला जाऊन १९३१ साली ते एफ.आर.सी.एस. झाले. प्रसूतितज्ज्ञाने शल्यविशारदांची ही कठीण परीक्षा उत्तीर्ण होणे त्यांच्या पुढील कामाच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरले. औषधाने न सुटणाऱ्या प्रश्नाकडे शरीररचनेच्या अंगाने पाहण्याची सवय त्यांच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत दिसते.

भारतात परतल्यावर ते सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय समूहात मानद शल्यविशारद म्हणून काम करू लागले व कालांतराने ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आपल्या विषयाचे प्राध्यापक झाले. त्या काळी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत मानद डॉक्टरांची पद्धत होती. नामांकित डॉक्टर सार्वजनिक रुग्णालयात जवळपास विनावेतन सेवा देत, विद्यार्थ्यांना शिकवत आणि उपजीविकेसाठी खाजगी व्यवसाय करीत. त्यामुळे गिरणगावातील कामगार स्त्री आणि सधन घरातील स्त्री अशा दोघीही एकाच डॉक्टरच्या हाताखालून जात.

पाचव्या महिन्यात पडणारा गर्भ

शिरोडकरांनी हाती घेतलेला प्रश्न समजण्यासाठी गर्भपाताचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पहिल्या तीन महिन्यांत होणारे बहुसंख्य गर्भपात गर्भातीलच दोषामुळे, विशेषतः गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. ते थांबवता येत नाहीत. काही स्त्रियांच्या बाबतीत मात्र वेगळेच घडते. गर्भ निरोगी असतो, त्याची वाढ नीट होत असते, आईला बाळाची हालचाल जाणवू लागलेली असते; आणि चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान, फारशा कळा न येता, गर्भाशयाचे तोंड उघडते, पाणमोट खाली उतरते आणि थोड्याच वेळात सारे संपते. पुढच्या खेपेस जवळजवळ त्याच महिन्यात तेच घडते.

अशा स्त्रीच्या वाट्याला काय येत असे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. दिवस राहत असल्यामुळे तिला वांझ म्हणता येत नसे, पण घरात पाळणाही हलत नसे. नवस, गंडेदोरे आणि सवतीचे भय यांची एक मोठी परंपराच तिच्याभोवती उभी होती. वैद्यकशास्त्राकडेही तिला देण्यासारखे फार थोडे होते. अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला दिला जाई आणि १९४०च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांत डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक मोठ्या प्रमाणावर दिले जाऊ लागले होते. या औषधाने गर्भपात टळत नाही, हे शिकागो येथील डीकमन व सहकाऱ्यांच्या नियंत्रित चाचणीने १९५३ सालीच दाखवून दिले होते. तरीही त्याचा वापर पुढे अनेक वर्षे चालू राहिला. शिरोडकरांच्या मृत्यूच्याच वर्षी, १९७१ साली, या औषधाचा एक भयंकर परिणाम अमेरिकेत उजेडात आला : ज्या मातांनी ते घेतले त्यांच्या मुलींमध्ये तारुण्यात योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग आढळू लागला. पुढे असेही दिसले की या मुलींपैकी अनेकींचे गर्भाशयमुख जन्मतःच कमकुवत असते. गर्भ टिकावा म्हणून दिलेल्या औषधाने पुढच्या पिढीत गर्भ न टिकण्याचे एक नवे कारण निर्माण केले.

शिरोडकरांचे निरीक्षण या सर्वांपेक्षा साधे होते. विश्रांती आणि संप्रेरके देऊनही अशा स्त्रियांचा गर्भ टिकत नाही, हे त्यांनी आपल्या रुग्णांत पाहिले. मग ते अशा स्त्रीला दिवस राहिल्यावर ठरावीक अंतराने तपासू लागले. त्या काळी ध्वनिलहरींच्या साहाय्याने पोटातील चित्र दाखवणारी सोनोग्राफी उपलब्ध नव्हती. तपासणीचे साधन म्हणजे डॉक्टरची बोटे. त्या बोटांना असे कळून आले की या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचे आतले तोंड कळा नसतानाही हळूहळू सैल होत व उघडत जाते. म्हणजे दोष गर्भात नाही किंवा संप्रेरकांतही नाही. वाढत्या गर्भाचे ओझे पेलणारे दारच कमकुवत आहे. असे काही असू शकते ही कल्पना वैद्यकात अगदीच नवी नव्हती. तिचा उल्लेख सतराव्या शतकातील इंग्लिश वैद्यक ग्रंथात सापडतो. १९५० साली अमेरिकेतील लॅश व लॅश यांनी गर्भारपण नसताना गर्भाशयमुखाचा सैल भाग कापून शिवण्याची शस्त्रक्रियाही मांडली होती. परंतु गर्भ नसताना दुबळेपणाचे निदान खात्रीने होत नाही, आणि कापाकापीमुळे पुढे दिवस राहण्यातच अडचण येण्याची भीती असते. शिरोडकरांनी गर्भ वाढत असताना, दोष प्रत्यक्ष दिसत असताना, शस्त्रक्रिया करण्याचे ठरवले. गरोदर स्त्रीच्या गर्भाशयमुखाला हात लावला तर गर्भ पडेल, ही भीती सर्वांच्याच मनात होती. म्हणून हे धाडसाचे पाऊल होते.

शस्त्रक्रियेची पद्धत

शस्त्रक्रिया तीन महिने उलटल्यावर करतात, कारण सदोष गर्भ बहुधा तोपर्यंत आपोआप पडून गेलेले असतात. योनिमार्गातून गर्भाशयमुखाच्या पुढील बाजूस आडवा छेद घेऊन मूत्राशय वर सारले जाते. मागील बाजूसही छेद घेतला जातो. मग आतल्या तोंडाच्या पातळीवर, म्हणजे शक्य तितक्या उंचावर, आवरणाखालून एक पट्टी गर्भाशयमुखाभोवती फिरवून आवळली जाते आणि छेद शिवून टाकले जातात. अशा रीतीने पट्टी पूर्णपणे आत झाकली जाते.

ही पट्टी मूळ पद्धतीत रुग्णाच्या स्वतःच्याच मांडीतून घेतलेली असे. मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूंवर जे चिवट पांढरे आवरण असते, त्याची अरुंद फीत काढून ती वापरली जाई. शरीराची स्वतःची वस्तू शरीर नाकारत नाही, हा त्यामागील विचार होता. पुढे मांडीवरचा तो जादा छेद टाळण्यासाठी नायलॉन, रेशीम व नंतर मर्सिलीन या कृत्रिम धाग्याची फीत रूढ झाली. दिवस भरत आले की सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास टाका काढतात आणि नैसर्गिक प्रसूती होऊ देतात; किंवा टाका तसाच ठेवून शस्त्रक्रियेने बाळ बाहेर काढतात. कळा सुरू झाल्यावर टाका वेळीच काढला नाही तर गर्भाशयमुख फाटण्याचा धोका असतो. म्हणून टाका घातलेल्या स्त्रीने रुग्णालयाच्या आवाक्यात राहणे आवश्यक असते. ही अट दूरच्या वाडीवस्तीवरील स्त्रीला आजही सोपी नाही.

शिरोडकरांनी या शस्त्रक्रियेची माहिती १९५५ साली 'अँटिसेप्टिक' या मद्रासहून निघणाऱ्या वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केली. जगभर मान्यता पावलेली शस्त्रक्रिया लंडन वा न्यूयॉर्कच्या नियतकालिकात प्रथम न येता एका भारतीय मासिकात आली, ही त्या काळाच्या मानाने लक्षणीय गोष्ट होती. ही शस्त्रक्रिया कोणावर करावी याविषयी त्यांनी घालून घेतलेली मर्यादा त्याहूनही महत्त्वाची आहे. किमान चार वेळा गर्भ गेलेला असावा आणि गर्भाशयमुखाचा दुबळेपणा वारंवार केलेल्या तपासणीने सिद्ध झालेला असावा, अशाच स्त्रियांना त्यांनी निवडले. ही मर्यादा पुढे फारशी पाळली गेली नाही.

प्रसार, पर्याय व पडताळणी

१९५७ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील डॉ. इयान मॅकडोनाल्ड यांनी अधिक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. तीत छेद न घेता, बटव्याची नाडी ओवावी त्याप्रमाणे गर्भाशयमुखाभोवती वरवर टाके ओवून धागा आवळतात. वेळ कमी लागतो, रक्तस्राव कमी होतो आणि टाका काढणेही सोपे जाते. त्यामुळे बहुसंख्य डॉक्टरांनी मॅकडोनाल्ड यांची पद्धत स्वीकारली. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत शिरोडकर पद्धत ठामपणे सरस ठरलेली नाही. तथापि गर्भाशयमुख अतिशय आखूड किंवा फाटलेले असल्यास आणि साधा टाका पूर्वी निकामी ठरला असल्यास अनेक शल्यविशारद आजही शिरोडकरांच्या उंचावरील टाक्याकडे वळतात. १९६५ साली अमेरिकेतील बेन्सन व डर्फी यांनी पोटातून टाका घालण्याची पद्धत मांडली.

शस्त्रक्रिया सोपी झाली तशी ती सढळ हाताने होऊ लागली. एकदोन गर्भ गेलेल्या, जुळी असलेल्या, किंवा केवळ काळजीत असलेल्या स्त्रियांनाही टाका घातला जाऊ लागला. बाळ हाती आले की श्रेय टाक्याला मिळे. टाका न घालताही ते आले असते का, हे विचारले जात नसे. शस्त्रक्रियेचा लाभ नेमका कोणाला होतो, हे ठरवण्यासाठी तिच्या प्रसिद्धीनंतर जवळजवळ चार दशके जावी लागली. यात शिरोडकरांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांच्या काळात शस्त्रक्रियांच्या नियंत्रित चाचण्या क्वचितच होत, आणि चार गर्भ गमावलेल्या स्त्रीला चिठ्ठी टाकून उपचारापासून दूर ठेवणे कोणालाही जड गेले असते.

ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिल व रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स यांनी घडवून आणलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. टाका घालावा की नाही याविषयी डॉक्टरांना खात्री नव्हती अशा १,२९२ स्त्रिया या चाचणीत होत्या. ३३ आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाण टाका घातलेल्यांत १३ टक्के, तर न घातलेल्यांत १७ टक्के आढळले. याचा अर्थ असा की सुमारे पंचवीस स्त्रियांना टाका घातला तर त्यांतील एकीला लाभ होतो. परंतु ज्यांचे पूर्वी तीन किंवा अधिक वेळा गर्भपात वा अपुऱ्या दिवसांची प्रसूती झाली होती, त्या स्त्रियांत फरक ठळक होता : १५ टक्के विरुद्ध ३२ टक्के. केवळ पूर्वेतिहासावरून टाका घालण्यासाठी तीन किंवा अधिक खेपांचा निकष पुढे ब्रिटनमध्ये मान्य झाला तो याच आधारावर. म्हणजे चाळीस वर्षांच्या सैल वापरानंतर वैद्यकशास्त्र शिरोडकरांनी बोटांच्या स्पर्शावरून आखलेल्या मूळ रेषेच्या जवळ परत आले.

दरम्यान योनिमार्गातून करावयाच्या सोनोग्राफीमुळे गर्भाशयमुखाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येऊ लागली. लांबी जितकी कमी तितका अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका अधिक, हे १९९६ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीने दाखवले. आधी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झालेली आहे आणि या खेपेस गर्भाशयमुख २५ मिलिमीटरपेक्षा आखूड होत चालले आहे, अशा स्त्रियांना टाक्याचा उपयोग होतो. लांबी १५ मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास तो अधिक स्पष्ट दिसतो, असे २००९ सालच्या चाचणीत आढळले. वारंवार बोटांनी तपासून दुबळेपणा सिद्ध करण्याची शिरोडकरांची अट आता यंत्राच्या साहाय्याने पाळली जाते एवढाच फरक.

जुळ्यांच्या बाबतीत मात्र निष्कर्ष उलट निघाला. आखूड गर्भाशयमुख असलेल्या जुळ्यांच्या मातांना टाका घातल्याने अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण कमी न होता वाढल्याचे २००५ साली चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांमुळे जुळ्यांचे प्रमाण वाढलेले असल्याने हा प्रश्न वंध्यत्व चिकित्सेच्या क्षेत्रात विशेष महत्त्वाचा ठरला. मोठ्या प्रयासाने राहिलेले दिवस टिकावेत म्हणून सरसकट टाका घालण्याची प्रवृत्ती स्वाभाविक असली तरी पुराव्याला धरून नाही.

ज्यांच्यावर खालून घातलेला टाका एकदा निकामी ठरला आहे अशा १११ स्त्रियांवरील ब्रिटिश चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. पोटातून टाका घातलेल्यांत ३२ आठवड्यांपूर्वी प्रसूतीचे प्रमाण ८ टक्के होते. योनिमार्गातून खालच्या पातळीवर टाका घातलेल्यांत ते ३३ टक्के, तर उंचावर घातलेल्यांत ३८ टक्के होते. या विशिष्ट गटापुरता तरी शिरोडकर पद्धतीचा उंच टाका अपेक्षेप्रमाणे सरस ठरला नाही, हे नोंदवले पाहिजे.

अन्य शस्त्रक्रिया

परीक्षानळीत गर्भधारणा घडवून जन्मलेले पहिले मूल १९७८ साली जन्मले. त्यापूर्वी बीजवाहिन्या बंद असलेल्या स्त्रीला अपत्यप्राप्तीचा एकच मार्ग होता : शस्त्रक्रिया करून त्या मोकळ्या करणे. शिरोडकरांनी या नाजूक शस्त्रक्रियांवर बरेच काम केले. गर्भाशयात रंगीत द्रव सोडला असता तो खाली वाहून न जाता बीजवाहिन्यांतच जावा, म्हणून गर्भाशयाचा खालचा भाग आवळून धरणारा त्यांचा चिमटा 'शिरोडकर क्लॅम्प' या नावाने शस्त्रक्रियागृहांत वापरला जातो. भारतात बीजवाहिन्या बंद होण्यामागे क्षयरोग हे एक मोठे कारण आहे, आणि क्षयाने खराब झालेल्या नलिका मोकळ्या केल्या तरी क्वचितच कार्यक्षम होतात. या शस्त्रक्रियांचे यश त्यामुळे मर्यादितच राहिले.

याहून अधिक टिकाऊ ठरले ते अंग बाहेर येण्याच्या विकारावरील काम. हा विकार सामान्यतः उतारवयात व अनेक बाळंतपणांनंतर होतो आणि तेव्हा गर्भाशय काढून टाकणे हा सोपा उपाय असतो. परंतु काही तरुण, क्वचित एकही मूल न झालेल्या स्त्रियांनाही तो होतो. त्यांचे गर्भाशय काढणे म्हणजे मातृत्वाचा मार्गच बंद करणे. शिरोडकरांनी गर्भाशयमुखाच्या मागील बाजूस फीत जोडून तिचे दुसरे टोक कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीच्या उंचवट्याला बांधण्याची पद्धत मांडली. गर्भाशयाला नैसर्गिक दिशेने आधार देणारी म्हणून ही पद्धत रचनेच्या दृष्टीने सर्वांत योग्य मानली जाते. पण मूत्रवाहिनी, मोठे आतडे व मोठ्या रक्तवाहिन्या जवळ असल्याने ती अवघडही आहे. मुंबईचेच डॉ. पुरंदरे यांनी फीत पोटाच्या पुढील भिंतीला जोडण्याची सोपी पद्धत मांडली. गर्भाशय राखून ठेवणाऱ्या या शस्त्रक्रियांची मुंबईत एक परंपराच निर्माण झाली.

ग्रंथ व सन्मान

शिरोडकरांच्या शस्त्रक्रियांची माहिती देणारा 'काँट्रिब्यूशन्स टू ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनॅकॉलॉजी' हा इंग्रजी ग्रंथ १९६० साली एडिंबरो येथील लिव्हिंगस्टन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा सन्मान दिला. १९७१ साली त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.